आजाऱ्याचा सण

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांचे एक मागणे ठरलेले असते. "देवा, हातीपायी धड असताना ने, कोणावर भार घालू नको." आमच्या आजीच्या तोंडी ते होते, आईच्या तोंडी होते, आणि आता आमच्या वयाच्या मैत्रिणी भेटल्या की त्यांच्याही तोंडून तेच ऐकू येते. मागणे साधे आहे, नम्र आहे; त्यात वावगे असे काही दिसत नाही. परंतु इस्रायलमधल्या रुग्णालयांत जवळजवळ चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केल्यावर, आणि त्यानंतर तसल्याच खाटेवर स्वतः पडल्यावर, या मागण्याचा नीट विचार केला पाहिजे असे आम्हांला वाटू लागले. भार घालायचा नाही म्हणजे नेमके काय करायचे? आणि ज्याच्यावर फक्त घेण्याचीच वेळ आली आहे, त्याच्या हातून काही धर्म घडतो की नाही?

एरवी हा प्रश्न झाकलेला राहतो. साध्या दिवशी कोणी भेटायला आले तर "आलात, बरे वाटले" एवढ्यावर भागते. सणाच्या दिवशी तसे नसते. त्या दिवशी येणाऱ्याचा प्रत्येक तास कुठून तरी काढून आणलेला असतो: घरच्या ताटावरून, सिनॅगॉगमधल्या जागेवरून, लेकराबाळांच्या वाट्यातून. आजाऱ्याला हे समजते. म्हणूनच तो म्हणतो, "माझ्यापायी तुमचा सण मोडू नका."

वॉर्डातला सण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सणाच्या आदल्या दिवशी ज्यांना घरी पाठवता येईल त्यांना डॉक्टर घरी पाठवतात. बऱ्याच खाटा रिकाम्या होतात. उरतात ते बहुधा दोन प्रकारचे: ज्यांचे दुखणे खरोखर जड आहे ते, आणि ज्यांना घरी न्यायला कोणी नाही ते. दुपारपासून टेलिफोन सुरू होतात. "नको, नको, येऊ नका. मी अगदी मजेत आहे." हे वाक्य आम्ही हिब्रूत ऐकले, अरबीत, रशियनमध्ये ऐकले आणि मराठीतही ऐकले. फोन ठेवल्यावर थोड्याच वेळात त्याच खाटेची घंटी वाजते आणि उशी सरळ करून द्या म्हणतात. उशी मुळी सरकलेलीच नसते. हिब्रूत परिचारिकेला 'अखोत' म्हणतात, म्हणजे बहीण. आपल्याकडेही ती सिस्टरच. तो शब्द अशा संध्याकाळी खरा करून दाखवावा लागतो.

एक म्हातारे गृहस्थ आठवतात. १९९० च्या सुमाराची गोष्ट. आपल्याच समाजातले, मूळचे अलिबागकडचे. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले होते. किप्पूरच्या संध्याकाळी त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला.

"आजोबा, दोन घोट घ्या."

"बाय, तेरा वर्षांचा झालो तेव्हापासून मोडला नाही. आता मोडू?"

डॉक्टरांनी समजावले. रुग्णालयाचे रब्बी येऊन गेले. आजोबा ऐकेनात. शेवटी हळूच मराठीत म्हणाले, "उठवतात दुसरे, बसवतात दुसरे, धुतात दुसरे. एवढा एक उपास माझ्या हातचा राहिला होता. तोही काढून घेता?"

आपला कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. आजारी माणसाला किप्पूरच्या दिवशी जाणत्यांच्या सांगण्यावरून खाऊ घालावे, असे मिश्नात सांगितले आहे. तल्मूदकार आणखी पुढे जातात. रोगी म्हणतो खायला हवे आणि वैद्य म्हणतो नको, तर रोग्याचे ऐकावे, कारण आपल्या जिवाचे दुःख ज्याचे त्यालाच कळते. उलट वैद्य म्हणतो हवे आणि रोगी म्हणतो नको, तर वैद्याचे ऐकावे. दोन्ही बाजूंनी कौल जगण्याकडेच. ज्याला थोडेथोडे घेऊन निभावता येते त्याच्यासाठी मापही ठरलेले आहे: एका वेळी सुमारे ३० ग्रॅमहून कमी अन्न, एक गाल भरेल त्याहून कमी पाणी, आणि दोन वेळांमध्ये साधारण नऊ मिनिटांचे अंतर. अशा माणसाचे खाणे म्हणजे उपास मोडणे नव्हे. त्या दिवशी त्याला तीच आज्ञा आहे.

आजोबांना हे सारे ठाऊक होते. रात्री दहानंतर त्यांनी चमच्याने पाणी घेतले, पण तोंड भिंतीकडे करून घेतले. त्यांचे दुःख उपासाचे नव्हतेच. जन्मभर ज्या माणसाने दिले, त्याच्याजवळ देवाला द्यायला आता काही उरले नाही, हे ते दुःख होते. कायद्याने त्यांच्या जिवाची काळजी घेतली, पण त्यांच्या या दुःखावर आमच्यापाशी त्या रात्री औषध नव्हते.

विचार केला तर त्यात नवल नाही. घेणे आपल्याला कोणी शिकवलेलेच नसते. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आम्ही शिकत होतो, तेव्हा 'परोपकार' या विषयावर निबंध लिहिला नाही असे वर्ष गेले नसेल. झाड सावली देते, नदी पाणी देते, गाय दूध देते, म्हणून मनुष्यानेही द्यावे, असे आम्ही वह्या भरभरून लिहीत असू. घेणाऱ्याने कसे घ्यावे, यावर मात्र कधी निबंध सांगितला गेला नाही. १९७७ साली आम्ही इकडे आलो, शिकलो, नोकरीला लागलो, तीही देण्याचीच नोकरी. देणाऱ्याच्या खुर्चीवरून जग फार नीटनेटके दिसते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर केमोथेरपी सुरू झाली. या औषधांनी रोगाच्या पेशींबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. दर औषधानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत त्यांची संख्या सर्वांत खाली जाते, आणि तेव्हा अंगात प्रतिकार असा उरत नाही. अशा वेळी ताप आला तर घरी गोळी घेऊन पडून राहायचे नसते. तडक रुग्णालय गाठायचे असते आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू करायची असतात. आम्हांला २ ऑक्टोबरला ताप भरला. किप्पूर होते ४ तारखेच्या संध्याकाळपासून ५ तारखेच्या रात्रीपर्यंत. आम्हांला स्वतंत्र खोली मिळाली. दार सदैव बंद. आत येणाऱ्याने हात धुवायचे, तोंडावर मास्क लावायचा, एका वेळी एकानेच यायचे. फुले नाहीत, लहान मुले नाहीत.

आपले पूर्वज कोकणात असताना किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, हे वाचकांना माहीतच आहे. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसायचे, बाहेरच्या कोणाशी बोलायचे नाही, कोणाला शिवायचे नाही. हिब्रू विसरली होती, पुष्कळशा प्रार्थना विसरल्या होत्या, पण दार लावायचे ते विसरले नाहीत. आम्ही मात्र इतकी वर्षे किप्पूरला सिनॅगॉगच्या गर्दीत काढली. खरी दारफाळणी आमच्या वाट्याला आली ती पांढऱ्या चादरीवर, शिरेत सुई असताना.

त्या बंद दारातून आत कोण आले ते सांगतो, कारण आमचा सगळा विचार त्याभोवती आहे. इस्रायलमध्ये किप्पूरला बस नाही, मोटारी नाहीत, रस्ते मोकळे. म्हणून यजमान आदल्या संध्याकाळीच येऊन खुर्चीवर बसले आणि रात्रभर तिथेच राहिले. वय अडुसष्ट, उपास कडक, पाठ आधीच दुखरी. सकाळी मुलगी तासभर चालून आली. धाकट्याला सासूबाईंपाशी ठेवले होते. थोरला, दहा वर्षांचा, मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवीत तिच्याबरोबर रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आला होता आणि खाली तिच्या नवऱ्याजवळ थांबला होता.

डॉक्टरांनी थोडेथोडे खाण्याची मोकळीक दिली होती. रुग्णालयातली रव्याची दूध घातलेली लापशी समोर होती. यजमानांनी मनगटावरचे घड्याळ काढून खाटेच्या कडेला ठेवले. एक चमचा, दुसरा चमचा, मग थांबायचे. "झाली नऊ मिनिटं. घे आता." पुन्हा दोन चमचे. असे दिवसभर चालले. मधल्या वेळात ते प्रार्थनेचे पुस्तक वाचत, आणि वाचता वाचता डोळा घड्याळाकडे. उपास त्यांचा, खाणे आमचे, आणि घड्याळ दोघांचे.

त्या दिवशी पाळीवर असलेली परिचारिका मुसलमान होती. वर्षानुवर्षे आम्हीही हेच केले: किप्पूरला त्या मैत्रिणींनी पाळी घ्यायची, ईदला आणि नाताळला आम्ही घ्यायची. रुग्णालयातला सण नेहमी कोणी तरी दुसऱ्याने आपल्या दिवसातून काढून दिलेला असतो. ती मुलगी सलाईन बदलून गेली आणि जाता जाता यजमानांच्या पाठीमागे एक उशी ठेवून गेली. काही बोलली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा भार होता की नव्हता? होता. पाठ दुखली, पाय दुखले, लहान मूल दिवसभर आईवाचून राहिले. "छे, भार कसला!" असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, ती प्रेमाची रीत आहे, पण खरी नव्हे. भार नव्हता म्हणणे म्हणजे त्यांनी जे उचलले त्याला वजनच नव्हते असे म्हणणे. त्यापेक्षा वजन होते, त्यांनी ते जाणून उचलले, आणि आम्ही ते उचलू दिले, असे म्हणावे. ज्या मुलीला आम्ही नऊ महिने पोटात आणि दोन वर्षे कडेवर वागवली, तिने एकदाही म्हटले नाही की, आई, तुला भार होतो, मला खाली ठेव. म्हटले असते तर आम्हांला काय वाटले असते? मग तिच्या पाळीला आपण तेच म्हणून तिचा हात का झटकावा?

तल्मूदमध्ये रब्बी योहानान यांची गोष्ट आहे. ते आजाऱ्याकडे जात, हात पुढे करीत आणि आजारी उठून बसे. पुढे ते स्वतः आजारी पडले, तेव्हा रब्बी हनिना आले आणि त्यांनी हात देऊन त्यांना उठवले. तिथे प्रश्न विचारला आहे: जो दुसऱ्याला उठवतो त्याने स्वतःलाच का उठवू नये? उत्तर असे की, कैदी स्वतःच स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. आम्हां परिचारिकांना ही गोष्ट पाठ असायला हवी. परंतु तिच्यात आणखी एक आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. रब्बी हनिनांनी हात पुढे केला, तसा रब्बी योहानान यांनी आपला हात त्यांच्या हाती दिला. दिला नसता तर गोष्ट तिथेच थांबली असती. आजाऱ्याजवळ द्यायला काही उरत नाही हे खरे नव्हे. हा एक हात उरतो. अलिबागच्या त्या आजोबांना आज काही सांगता आले असते, तर आम्ही हेच सांगितले असते.

दुसरी गोष्ट वाट्याची. आजाऱ्याला भेटायला येणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे तल्मूदमध्ये म्हटले आहे. मग साठ माणसे बोलावून दुखणे संपवून का टाकू नये, अशी शंका तिथेच काढली आहे. त्यावर उत्तर असे की, प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा घेतो. आम्ही एकदा बसून हिशेब केला. साठ माणसे येऊन गेली तरी तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक दुखणे उरतेच. हा हिशेब आम्हांला फार खरा वाटतो. रात्री तीन वाजता, खुर्चीवर यजमानांचा डोळा लागलेला असताना, छताकडे पाहत जे जागे राहतो, ते त्या उरलेल्या हिश्श्यातले. ते कोणाला देता येत नाही. म्हणूनच जे देता येते ते देण्यात कमीपणा नाही. स्वतःचे म्हणून सोसायला पुष्कळ शिल्लक राहते.

याला दुसरी बाजू आहे, ती न सांगणे बरोबर होणार नाही. घेणे हा धर्म असेल तर त्याला मर्यादाही आहे. कोण आले, कोण आले नाही, कोण किती वेळ बसले, याचा जमाखर्च मांडणारे आजारीही आम्ही पाहिले आहेत. अशांच्या खाटेभोवती माणसे असतात, पण ती हजेरी लावायला आलेली असतात. येणाऱ्याला येऊ द्यावे, न येणाऱ्याला माफ करावे, आणि आलेल्याला वेळेवर मोकळे करावे. दुपारी दोन वाजता आम्ही मुलीला सांगितले, "जा आता, धाकटा वाट पाहत असेल." ती म्हणाली, "थोडं थांबते ना." तिला पुन्हा जायला सांगितले, तेव्हा ती गेली. दार उघडणे जसे आजाऱ्याच्या हाती, तसे निरोप देणेही त्याच्याच हाती. आणि थकवा आला तर "पुरे आता" म्हणण्याचाही त्याला पूर्ण अधिकार आहे.

आणि ज्याला कोणीच नाही त्याचे काय? आमच्या समोरच्या खोलीत एक वृद्ध बाई होत्या, रशियन बोलणाऱ्या. दिवसभरात त्यांच्याकडे कोणी आले नाही. आमच्या खोलीतून निघाल्यावर मुलीला परत आत यायचे नव्हते, म्हणून ती त्यांच्या दाराशी थांबली, परिचारिकेला विचारून आत गेली आणि दहा मिनिटे बसून आली. भाषा दोघींची वेगळी. रात्री फोनवर आम्ही तिला विचारले, काय बोललात? म्हणाली, "काही नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला." आमच्या सणातला एक वाटा असा पलीकडे गेला, आणि आमचा काही कमी झाला नाही.

सण सोडून आजाऱ्यापाशी बसणाऱ्यांना एक चुटपुट लागून राहते की आपली प्रार्थना राहिली, आपला सण चुकला. त्यांनी निश्चिंत असावे. सुक्कोथमध्ये आजारी माणसाला सुक्क्यात बसण्याची सक्ती नाही, आणि मिश्नाने त्याच वाक्यात त्याची सेवा करणाऱ्यांनाही मोकळे केले आहे. म्हणजे सेवा करणारा आजाऱ्याबरोबरच मोजला जातो. तोरामध्येही, प्रेताला शिवल्यामुळे ज्यांना पेसाख करता आला नाही ते मोशे रब्बेनूंकडे आले आणि आम्ही का वगळले जावे, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना एक महिन्याने दुसरा पेसाख मिळाला. दुसऱ्याच्या सेवेत असलेल्यासाठी पंचांगसुद्धा वाट पाहते.

आमचा ताप पुढे उतरला, उरलेली औषधे पुरी झाली, आणि २०२३ मध्ये घरी मलिदा केला. पोहे, खोबरे, साखर, वेलची, फळे. सगळे जमले, एलियाहू हानाबीचे गाणे झाले. मलिद्याचे ताट कोणी एकट्याने खायचे नसते, ते वाटायचे असते. त्या दिवशी द्यायला पुन्हा काही हाती आले, आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांनी किती सहज घेतले, हे आम्ही नीट पाहून ठेवले.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या मागण्यात आम्ही थोडी भर घालू: देवा, भार पडायचाच असेल तर उचलणारे दे, आणि त्यांना उचलू देण्याची बुद्धीही दे.

शेवटी वाचकांस, आणि विशेषतः तरुण मंडळींस, परिचारिकेच्या नात्याने काही सांगणे. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत आजाऱ्याकडे जाऊ नये, असे तल्मूदकार सांगतात. सकाळी दुखणे असते त्याहून हलके दिसते आणि संध्याकाळी असते त्याहून जड. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. गेल्यावर उपदेश करू नये, दुसऱ्या कोणाच्या कर्करोगाची हकिगत सांगू नये. काय करावे हे रब्बी अकिवांनी दाखवून ठेवले आहे: त्यांचा एक शिष्य आजारी होता, कोणी फिरकले नव्हते, ते गेले, खोलीतली जमीन झाडून सडा घालण्याची व्यवस्था झाली, आणि शिष्य बरा झाला. एवढा थोर विद्वान, पण आधी केर काढला गेला.

आणि एक सूचना. आपल्या पूर्वजांत दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असे. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करीत आणि नातलगांच्या, मित्रांच्या घरी जात. काल बंद केलेले दार आज उघडून दुसऱ्याच्या दारी जायचे, असा तो सण. इथे आल्यावर आपण तो जवळजवळ विसरलो. अश्दोद असो, बेरशेबा असो, दिमोना असो, लोद असो, जिथे आपली दहा घरे आहेत तिथल्या मंडळींनी किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी दोघादोघांनी जवळच्या रुग्णालयात जावे. परिचारिकेला विचारावे, कोणाकडे कोणी आले नाही. जाताना हात धुवावेत, दहा मिनिटे बसावे, आणि उशी सरळ करून द्या असे कोणी म्हटले, तर ती सरकली आहे की नाही हे न पाहता सरळ करून द्यावी.